जुन्या रायफलीची दुर्बीण

माउंट रॉस्किल, ऑकलंड
रविवार, २२ फेब्रुवारी २००४

ती. बाबांस,
मृदुलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघं खुशाल आहोत. हे फोनवर सांगता आलं नसतं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन आईच्या हातात असतो, आणि ही गोष्ट आईच्या कानावर इतक्यात जायला नको आहे.

गंधारने बंदूक घेतली आहे. हरणाच्या शिकारीची रायफल, वापरलेली. त्याच्या ऑफिसातले एक म्हातारे इंजिनिअर हिल्सबरोला राहतात. गुडघे गेल्यामुळे त्यांना आता डोंगर चढवत नाही, म्हणून त्यांनी ती गंधारला दिली. इथे शिकारीचं कुणाला काही वाटत नाही, आपल्याकडे लोक गड चढायला जातात तसे इथले हरणांमागे जातात. हरणं मूळची इथली नाहीत, जंगल खाऊन टाकतात, म्हणून ती कमी झालेली सरकारलाही हवीच आहेत. हे सगळं गंधारने मला दहा वेळा सांगून झालंय. लायसन्ससाठी पोलीस घरी आला होता. त्याने मला वेगळं बसवून विचारलं की घरात बंदूक असल्याची भीती वाटेल का. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर मात्र मला वाटलं की मी जरा विचार करून बोलायला हवं होतं.

आता तुमच्या प्रांतातली गोष्ट. रायफलीवरची दुर्बीण, इथे सगळे स्कोप म्हणतात, जुनी आणि धुरकट आहे. गंधारला बारा पटीची, पुढे मोठ्ठं भिंग असलेली हवी आहे. दुकानदार म्हणतो, लांबचं हरीण दारात उभं असल्यासारखं दिसेल. रवींद्र म्हणतो एवढी कशाला. रवींद्र म्हणजे मनुरेवा उपनगरात राहणारा त्याचा मित्र, शिकारीला जाणार ते दोघंच. शेवटी गंधारने जाहीर केलंय की ज्यांनी तीस वर्षं सरकारी कारखान्यात दुर्बिणी तपासल्या त्या बाबांचं उत्तर आल्याशिवाय मी नवी घेणार नाही. सासऱ्यांवर एवढी श्रद्धा असलेला जावई दुसरा दाखवा!

मार्चअखेर नर हरणं माजावर येऊन डरकाळ्या फोडायला लागतात, तेव्हा ते जाणार आहेत. तुम्ही नको म्हणालात तर तो ऐकेल असं मला वाटतं. पण तुम्ही तसं म्हणावं, असंही मी म्हणत नाही. मला नक्की काय हवंय तेच कळत नाहीये.

उत्तर लवकर धाडा. लोभ आहेच, तो या पत्राने उणावू नये.
तुमची मृदुला


चिंचवड
१४ मार्च २००४

चि. सौ. मृदुला व चि. गंधारराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळून नऊ दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. तुझी आई विचारते, एवढं काय लिहिताय. मी म्हणतो, भिंगांचं गणित.

तर आधी भिंगं. गंधारराव, बारा पटीची घेऊ नका. पट वाढली की दिसणारा परीघ लहान होतो. हरणाचा कान तेवढा दिसेल, तो कान कशाला चिकटलाय ते दिसणार नाही. दाट रानात चार पट पुष्कळ झाली. पुढचं भिंग फार मोठं नको, दुर्बीण उंच बसवावी लागते आणि गाल लाकडावर टेकत नाही. डोळा आणि मागचं भिंग यांत चार बोटं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. जुनी वापरायचा मोह झाला तर ती आधी कोमट पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे आले तर आतला कोरडा वायू गेलेला आहे. ती हमखास आतून वाफ धरणार, आणि नेमक्या वेळी धरणार. ती फेकून द्या.

आणि गळ्यात साधी दोन डोळ्यांची दुर्बीण बाळगा. शोधायचं तिने. काय आहे ते ओळखायचंही तिनेच. ज्या दुर्बिणीखाली बंदुकीची नळी आहे, तिच्यातून ओळख पटवायची नाही.

हे एवढ्यावर थांबवता आलं असतं. मागची चारही पत्रं मी इथेच थांबवली आणि म्हणून फाडली.

मृदुला, माझ्याबरोबर कारखान्यात असलेल्या काशिनाथकाकांचा डावा हात मशीनमध्ये गेला असं तुला सांगितलं होतं. ते खरं नाही. सन बहात्तरमध्ये, तू वर्षाची होतीस, आम्ही गोळीबाराच्या रेंजवर नव्या दुर्बिणीची चाचणी घेत होतो. रायफल चौकटीत आवळलेली होती. शंभर यार्डांवर काशिनाथ फळीला नवा कागद चिकटवत होता. घोडा दाबल्यावर दुर्बिणीतल्या फुलीच्या तारा हलतात का, ते मला बघायचं होतं. काशिनाथ परत येईपर्यंत थांबायला हवं होतं. बंदूक रिकामी आहे असं जमादाराने सांगितलं होतं. मी नळी उघडून पाहिली नाही. मला दुर्बिणीतून काशिनाथच्या हातातली खळीची वाटी दिसत होती. इतकी स्वच्छ, की वाटीचा टवका उडालेला काठ दिसत होता. भिंग फार चांगलं जमलंय, असा विचार मनात आला आणि मी घोडा दाबला.

गोळी तळव्यातून गेली. चार बोटं कायमची वळली. अहवालात यंत्रदोष असं लिहिलं गेलं. चौकटीमागे आम्ही दोघं होतो, जमादार आणि मी. त्याची बदली झाली, पुढे तो वारलाही. काशिनाथला मी आजवर सांगितलेलं नाही. दर महिन्याला त्याच्याकडे जातो, मोसंबी नेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि परत येतो. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

जाऊ नका असं मी लिहीत नाही. ते सांगायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. पण दोघांनी हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय निघू नका.

तुम्हा तिघांवर जीव आहे, एवढं मात्र खरं माना.
पुरुषोत्तम


माउंट रॉस्किल
बुधवार, ३१ मार्च २००४, दुपार

ती. बाबांस,
नमस्कार. गंधार घरी येईपर्यंत हे पत्र टाकणार नाही. नुसती बसून राहिले तर डोकं फिरेल, म्हणून लिहिते आहे.

तुमचं पत्र सोमवारी आलं. ते दोघं शुक्रवारी सकाळीच निघाले होते. नवी दुर्बीण घेतलीच नाही, कारण तुमचं उत्तर आलं नव्हतं. जुनीच लावून गेला. पाण्यात बुडवून बघायला त्याला कोण सांगणार होतं?

काल दुपारपर्यंत परत यायचं ठरलं होतं. इथून गाडीने चार-पाच तासांवर कायमानवाच्या डोंगररांगा आहेत, तिथे एका झोपडीत ते राहणार होते. तिथे मोबाइल लागत नाही. रवींद्रची बायको सुरुची हिचा काल संध्याकाळपासून चार वेळा फोन आला. आम्ही एकमेकींना धीर देतो, फोन ठेवतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलतो. आज सकाळी रेडिओवर बातमी होती की त्याच भागात एका शिकाऱ्याला साथीदाराची गोळी लागली. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव सांगणार नाहीत. मी पोलिसांना फोन केला. बाईंनी नाव लिहून घेतलं आणि थांबायला सांगितलं. बाबा, त्या बाई फार गोड बोलल्या, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

सुरुचीशी बोलताना माझ्या मनात काय येतं ते फक्त तुम्हालाच लिहू शकते. गोळी लागणारा कोण आणि झाडणारा कोण, याची मी मनात अदलाबदल करते आहे. आणि दोन्हींतलं काय मागावं तेच कळत नाही. तुमचं पत्र वाचलं नसतं तर मी सरळ गंधार वाचू दे म्हटलं असतं. आता वाटतं, तो वाचून तुमच्यासारखा बत्तीस वर्षं मोसंबी घेऊन जात राहिला तर?

हे वाईट लिहिलंय. राहू दे, खोडत नाही.

अनुष्का शाळेतून आली. मी मराठीत विचारलं भूक लागली का, तिने इंग्रजीत विचारलं की बाबा अजून का नाही आला. मी तिला टोस्ट करून दिला आणि त्याला लोणी लावायला विसरले. तिने तसाच खाल्ला.

दारात गाडी थांबली आहे. गाडी आमचीच आहे. पण त्यातून एकच माणूस उतरतोय.


माउंट रॉस्किल
रविवार, ४ एप्रिल २००४

ती. बाबांस,
गंधारचा सा. नमस्कार.

मृदुलाचं पत्र सोबत पाठवतो आहे. ती म्हणते, अर्धवट आहे तसंच जाऊ दे, पुढचं तू लिही. रवींद्र सुखरूप आहे. वाटेत मनुरेवामध्ये त्याला सोडून आलो, म्हणून गाडीत मी एकटाच होतो. नदीला पाणी चढल्यामुळे एक दिवस अडकलो. रेडिओवरची माणसं दुसरी होती. आमचीही बातमी होऊ शकली असती.

रविवारी पहाटे आम्ही ओढ्याच्या दोन काठांनी निघालो. ओढा कुणीच ओलांडायचा नाही असं ठरलं होतं. आठच्या सुमारास माझ्याच काठाला, वर नेच्यांच्या दाटीत, नर हरणाची डरकाळी ऐकू आली. मी गुडघ्यावर बसलो. दुर्बिणीतून पाहिलं तर तपकिरी पाठ आणि एक हलणारी फांदी. मला ते शिंग वाटलं. बाबा, वाटलं नाही, मला ते दिसलं. शिंगाची टोकंही मी मोजली. श्वास सोडला, बोट घोड्यावर ठेवलं, आणि दुर्बीण आतून पांढरी झाली.

मी तिला शिव्या दिल्या. खरंच दिल्या, मनातल्या मनात. बाहीने पुसली, तर वाफ आतली होती, पुसली जाईना. ती विरायला दोनेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात नेच्यांतून रवींद्र उभा राहिला. त्याच्या हातात प्लास्टिकची नळी होती. हरणाला बोलवायला तिच्यात तोच डरकाळी फोडत होता. खुरांचे ठसे दिसले म्हणून ओढा ओलांडून आला होता. लांबून माणूस ओळखू यावा म्हणून घालतात ते केशरी जाकीट उकडलं म्हणून काढून पाठपिशवीत कोंबलं होतं. माझ्याकडे बघून त्याने हात हलवला.

मी सावध होतो म्हणून तो वाचलेला नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण मृदुला मला तसं समजवायला बघते. ती दुर्बीण खराब होती म्हणून तो वाचला. तुमच्या पत्राची वाट न बघता चांगली घेतली असती, तर...

झोपडीत परतलो आणि चहा पिताना मी त्याला सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. त्याने कप खाली ठेवला. मग त्याने विचारलं की बोट नक्की कुठे होतं. मी म्हटलं, घोड्यावर. तो उठून बाहेर गेला. पुढचे तीन दिवस आम्ही एका खोलीत कामापुरतं बोललो. घरासमोर उतरताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी सांगितलं ते चुकलं, असं मला वाटेभर वाटत होतं. न सांगता भागलं असतं, कुणालाच कळलं नसतं.

घरी आल्यावर तुमचं पत्र वाचलं.

काल रवींद्रचा फोन आला. त्याने सुरुचीला सगळं सांगितलं होतं, आणि ओढा ओलांडून जाकीट काढल्याबद्दल तिने त्यालाच झापलं. पुढच्या वर्षी जायचं की नाही ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. तो एवढंच म्हणाला की तू सांगितलं नसतंस तर मी पुन्हा खुशाल तुझ्यासमोरून चाललो असतो.

रायफल कपाटात कुलपात आहे. तुमच्याबद्दलचा आदर होता तसाच आहे, हे मुद्दाम लिहितो.
आपला,
गंधार


चिंचवड
२१ एप्रिल २००४

चि. गंधार,
अनेक आशीर्वाद.

आजवर तुम्हाला अहो-जाहो केलं. आज अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझं पत्र शनिवारी आलं. ते तीनदा वाचलं, मग तुझ्या सासूबाईंना वाचायला दिलं, माझं सगळं सांगून.  आत जाऊन त्यांनी माझी छत्री आणि चपला दाराशी आणून ठेवल्या.

मी काशिनाथकडे गेलो. मोसंबी नेली नाही. त्याची बायको लेकीकडे गेली होती, तो एकटाच होता. मला ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी कागदावर लिहून बोलतो. त्या दिवशी बराच वेळ मीच बोललो. खळीच्या वाटीसकट सगळं सांगितलं. तो खिडकीकडे बघत होता. संपल्यावर त्याने कागद ओढला आणि लिहिलं की पहिल्या आठवड्यापासून मला माहीत आहे, जमादार इस्पितळात येऊन सांगून गेला होता. खाली लिहिलं, दहा वर्षं वाट पाहिली. मग सोडून दिली. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. तो संतापलेला होता, गंधार. हात गेल्याचा संताप मी सहन केला असता. हा माझ्या बत्तीस वर्षांच्या लपवण्याचा होता.

मी उठायला लागलो तर त्याने बस अशी खूण केली. आतून नेलकटर आणलं आणि धडधाकट उजवा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मला कळेना. मग त्याने लिहिलं, डाव्या हाताने मला ही कापता येत नाहीत. इतकी वर्षं बायको कापते. आज तू काप.

मी पाच नखं कापली. करंगळीला जरा जास्तच लागलं. तो ओरडला असावा, मला ऐकू आलं नाही. पण त्याने हात मागे घेतला नाही.
पुरुषोत्तम