छोटीच्या गाडीचं तेल

११ जानेवारी

नाही म्हणजे नाही! टायरवाल्याने आज पाना टेबलावर आपटला. "ताई, नवं इंजिन पहिल्या वर्षात घ्यायचं नसतं. आधी दुसऱ्यांना घेऊ दे, दुसऱ्यांना रडू दे. मग आपण बघू."

प्राध्यापक लगेच उसळले. निवृत्त झाले तरी वर्ग सुटलेला नाही. "रडू दे म्हणजे काय? आकडे बघा की! एक सिलिंडर कमी, वजन कमी, आणि लिटरमागे चार किलोमीटर जास्त." दातवाला, म्हणजे आमचा दंतवैद्य, नेहमीसारखा दोघांनाही मान डोलावत होता.

दर रविवारी सकाळी टायरच्या दुकानात हेच चालतं. चौघांत मी एकटी बाई, पण गाड्यांचं वेड मलाच जास्त, हे ते तिघंही कबूल करतात. एरवी ही भांडणं म्हणजे नुसती चैन. या वेळी नाही. या वेळी गाडी माझ्या लेकीसाठी घ्यायचीय. छोटी गुरांची डॉक्टर झाली आणि नेमणूक मिळाली ती थेट डोंगरात! गावोगाव एकटीने फिरायचं, वेळी-अवेळी. गाडी बंद पडली तर तासभर माणूस दिसणार नाही असा रस्ता.

आमच्या टोळीत एक नियम आहे. ज्याची गाडी, तो शेवटी बोलणार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

१२ जानेवारी

छोटीला फोन केला. तुला कुठली हवी? म्हणाली, "आई, तू सांगशील ती."

बस्स! एवढंच. दुसरा प्रश्न नाही. म्हणजे चुकले तर मीच चुकले.

१८ जानेवारी

दोन्ही चालवून पाहिल्या. जुन्या इंजिनाच्या शेवटच्या दोनच गाड्या शोरूममध्ये उरल्यात. दणकट, ओळखीचं, कधी दगा न देणारं इंजिन, पण पेट्रोल पितं म्हणजे किती पितं! नवं एकदम गुणी वाटलं. बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, दांडा कानाला लावला. सेल्समन बघतच राहिला. आम्ही सगळे असंच ऐकतो, डॉक्टर छाती ऐकतात तसं. आत काही खडखड नाही, शिट्टी नाही.

एकच खुपतंय. इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीच्या जागी त्यांनी रबरी पट्टा घातलाय, आणि तो पट्टा चक्क इंजिनाच्या तेलात फिरतो. टायरवाल्याला हे कळल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "तेलात रबर? हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" प्राध्यापक म्हणाले, घर्षण कमी होतं, म्हणून तर अ‍ॅव्हरेज वाढतं.

शेवटी मी बोलले. तिच्या भागात पेट्रोलपंप दूर दूर आहेत, एका टाकीत तिचा आठवडा निघायला हवा. नवं घेऊ. टायरवाल्याने पाना पुन्हा आपटला. मग चहा त्यानेच मागवला.

घरी येऊन ह्यांना सगळं सविस्तर सांगितलं. हे म्हणाले, "रंग कुठला?"

२ फेब्रुवारी

छोटी गाडी घेऊन गेली. हिशोबाने चार तासांचा रस्ता. मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एकच काच तिसऱ्यांदा घासत होते, तेव्हा फोन आला. पोचली! चढावर सुद्धा कुरकुर नाही म्हणे. गिऱ्हाईक समोर बसलं होतं, तरी मी मोठ्याने "वा!" म्हणाले.

२२ फेब्रुवारी

लिटरला एकवीस! डोंगरात! छोटी आता आमच्यासारखीच टाकी भरते, नळी 'खट्' करून थांबेपर्यंत, आणि आकडा मला कळवते. प्राध्यापकांनी तो आकडा असा काही वाचून दाखवला, जसा काही त्यांच्याच नातवाचा निकाल आहे. दातवाल्याने तिथल्या तिथे ठरवलं, आपणही हीच गाडी घ्यायची. टायरवाला म्हणाला, "एक वर्ष जाऊ दे, मग बोलतो." बोल बाबा. आज मी काही मनावर घेणार नाही.

१५ मार्च

छोटी दोन दिवसांसाठी आली होती. मी तिच्या गाडीचं तेल बदललं, माझ्या हातांनी.

कंपनी म्हणते इतक्यात गरज नाही. कंपनीला काय जातंय म्हणायला! नव्या इंजिनात सुरुवातीला धातूचा बारीक चुरा निघतो, पहिलं तेल लवकर काढायचं, हे आमच्या टोळीत तान्ह्या बाळाच्या टोपड्याइतकं पक्कं. आणि घातलं ते कुठलं? माझ्या जुन्या गाडीला इतकी वर्षं घालते तेच, चांगलं जाड, दाट. डोंगरात इंजिन तापतं, पातळ पाण्यासारखं तेल तिथे काय टिकणार!

कोपरापर्यंत हात काळे. साडीला डाग पडला तो निघायचा नाही. छोटी स्टुलावर बसून बिस्किटं खात बघत होती. मध्येच तिने रिकामा डबा उचलून बघितला, ठेवला. म्हणाली, "किती खूश आहेस गं तू." होतेच! गाडी तिकडे, मी इकडे, पण आत माझ्या हातचं तेल आहे. तेवढाच जिवाला आधार.

१० मे

काय करून बसले मी हे!

दातवाल्याची नवी गाडी आली. छोटीच्या गाडीचीच जुळी बहीण. हा माणूस सोबतचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो. आज दुकानात मोठ्याने वाचायला लागला. पट्टा तेलात फिरतो, म्हणून फक्त अमुक एका जातीचं पातळ तेलच वापरावं. दुसरं घातलं तर रबर फुगतं, त्याचा चुरा सुटतो, तेल ओढणारी जाळी बुजते, इंजिन कोरडं पडतं. आणि पुढे... ब्रेकला जोर देणारा पंपही त्याच तेलावर चालतो. तो अडकला की ब्रेक दगडासारखा होतो.

उतारावर! एकटी पोर! दोन महिने ती त्या तेलावर फिरतेय!

दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते मी. हा माझा धंदा आहे. आणि लेकीच्या गाडीचं पुस्तक उघडून पाहिलं नाही. कशाला पाहू? मला सगळं येतं ना! आमच्यासारख्या शहाण्यांशिवाय ही चूक करणार कोण? साध्या माणसाने गाडी मुकाट्याने सर्व्हिस सेंटरला दिली असती.

आज गाडी दातवाल्याची, म्हणून शेवटी तोच बोलला. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

११ मे

सकाळी फोन लावला. "ब्रेक कसा लागतोय गं?"

"आई, नंतर बोलते, हात गाईच्या पोटात आहे." फोन गाईच्या मालकाने तिच्या कानाला धरला होता म्हणे!

वासरू आडवं आलं होतं. दुपारी तिचा फोन आला, दोघंही सुखरूप. मला वाटलं, हिने एवढं निभावलं आणि मी हिला काय दिलं? भाजीत मीठ घातलं की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला ठेवलं. "काय झालंय ते बोल आता."

सांगितलं. हे म्हणाले, "मग तिला सांग."

"तिचा विश्वास उडेल हो माझ्यावरचा."

"उडू दे. गाडी तर थांबेल."

कधी नव्हे ते गाडीबद्दल एक वाक्य बोलले, आणि तेही बरोबर! पण खरं सांगायला धीर होईना. छोटीला फोन करून सांगितलं ते असं की, कंपनीने काही गाड्या तपासायला बोलावल्यात, आजपासून चालवू नकोस, ऑफिसची जीप घे. "आता ही कसली तपासणी?" म्हणाली. "बरं. पण मी काही आणून देणार नाही हं, इथे लसीकरण चालू आहे."

म्हणजे आता गाडी थांबलीय. निदान तेवढं झालं.

१३ मे

टायरवाल्याला खरं सांगितलं. वाटलं होतं, आता हा मला धारेवर धरणार, तेलात रबर बघा म्हणून. एक शब्द नाही. "ताई, माझा टेम्पो जातो, गाडी उचलून आणतो. चाक फिरवायचं नाही." बस्स. मला दुकानात सगळ्यांसमोर रडू यायला लागलं, म्हणून टायर बघायच्या निमित्ताने मागे गेले.

१७ मे

जीव भांड्यात पडला! पडला, पडला, पडला!

सकाळी सगळे हजर. दातवाला हातमोजे घालूनच आला, सवयीने. टायरवाल्याने गाडी वर चढवली, तेल काढलं, मग इंजिनाखालचं तेलाचं चेंबर सोडवायला घेतलं. एकेक बोल्ट निघत होता आणि मी ते मोजत होते. शेवटी जाळी हातात आली. मला बघवेना. मी कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिले.

"ताई, इकडे बघा."

"तूच सांग."

"अहो बघा तरी!"

लखलखीत! एक कण नाही. टॉर्च मारून पट्टा पाहिला. ना फुगलेला, ना चिरलेला, कडा जशाच्या तशा. पंपाची वाट स्वच्छ. मी मटकन टायरच्या चळतीवर बसले. दातवाल्याने पाणी आणलं. एरवी तो गुळणी करायला देतो, आज प्यायला दिलं.

आणि मग प्राध्यापक! या माणसाने सुतावरून स्वर्ग गाठला. "दोन महिने, डोंगराळ रस्ता, जाड तेल, आणि नुकसान शून्य! म्हणजे पुस्तकातली भीती अवास्तव आहे. उलट जाड तेलानेच पट्टा जपला गेला असणार." टायरवाला काढलेलं तेल बोटांत चोळत म्हणाला, "पण हे तर बऱ्यापैकी पातळ लागतंय." प्राध्यापकांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. वापराने पातळ होतं म्हणे. दातवाला इतका भारावला की म्हणाला, मग मीही जाड तेलच घालतो, पुढच्या शनिवारीच. टायरवालासुद्धा विचारात पडला!

नियमाप्रमाणे शेवटी मी बोलायचं होतं. म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही पुस्तकात लिहिलेलं तेल घाला आणि मला घरी जाऊ द्या.

घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ह्यांनी मीठ पुढे केलं, मुद्दाम.

१८ मे

गाडी परत पोचली. आजचा दिवस असा हलका गेला, जसं काही आजारातून उठलेय. एका आजोबांना नव्या चष्म्यातून नातीचा चेहरा नीट दिसला, तर त्यांच्याआधी मीच हसले.

२१ मे

छोटीने आज विचारलं, कंपनीने काय सांगितलं तपासून? आता अजून किती थापा मारायच्या? सांगून टाकलं. तेल, पुस्तक, जाळी, सगळं. "मी चुकले गं, छोटी. आणि वर खोटं बोलले."

पलीकडून हसू. हसते आहे, थांबते आहे, पुन्हा हसते आहे. "अगं आई, ते तेल मी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतलं! निघायच्या आधी डब्यावरचं वाचलं, मग गाडीतलं पुस्तक वाचलं. जुळेना. बाटली न वाचता मी गाईला सुई टोचत नाही, गाडीत कशी घेऊन फिरू? तू इतकी खूश होतीस, काळे हात घेऊन... सांगवलं नाही मला."

दातवाल्याला आत्ताच फोन केला, बाबा रे, तेलाला हात लावू नकोस. प्राध्यापकांना रविवारी सांगेन, समोर बसवून.

माझी लेक माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही! किती, किती बरं वाटलं.