अप्पांची धुरपेटी

तंजावर,
रविवार, दुपार

प्रिय नित्या,

काल फोनवर तू तीनतीनदा विचारलंस, आई, तू अशी तुटक का बोलतेस? काय सांगणार? हल्ली फोन वाजला की अप्पा तो स्पीकरवर टाकतात आणि समोर खुर्ची ओढून बसतात. म्हणून हे पत्र. उद्या शाळेत शिकवायला जाताना शेजारची अंबा टपालात टाकेल. अप्पा मराठी बोलतात, पण वाचतात फक्त तमिळ आणि इंग्रजी, हे एका परीनं बरंच आहे. तुझी वाट बघत ते व्हरांड्यात बसलेत आणि मी त्यांच्यासमोरच लिहितेय. मघाशी विचारलं त्यांनी, काय लिहितेस? म्हटलं, डिंकाच्या लाडवांची कृती.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं आलात तेव्हा प्रणवेशरावांनी कोळशाची ग्रिल आणली होती, आठवते? गच्चीवर कोंबडी भाजली होती आपण. नंतर ती जिन्याखाली गंजत पडली. आषाढात अप्पांनी ती बाहेर काढली. वीजमंडळात चौतीस वर्षं काढलेला माणूस, हात रिकामे राहत नाहीत. म्हणाले, नित्याच्या डोहाळजेवणाला, बांगड्यांच्या समारंभाला मी माझ्या अम्मासारखं उप्पुकंडम करणार. तुझी आजी मटणाला मीठ-हळद-मिरची चोळून, फोडी दोऱ्यात ओवून चुलीवर आठ दिवस टांगायची. बाजारात मिळतं ते नुसतं उन्हात वाळवलेलं, त्याला धूर कुठला? तर ह्या ग्रिलचीच धुरपेटी करायची ठरली. तिचं झाकण काढलं. तेलघाण्यावरून तिळतेलाचं रिकामं पिंप आणलं, त्याची दोन्ही तोंडं कापून ते ग्रिलवर उभं केलं, वर पत्र्याचं झाकण, आत आडव्या सळ्या आणि आकडे. निखारे एका कडेला, त्यांवर चिंचेचं ओलं लाकूड, दुसऱ्या कडेला पाण्याची परात. खाली हवेला भोक, वर धुराला भोक, आणि पिंपाच्या पोटात घड्याळासारखा तापमापक. काटा एकशे दहावर सहा तास राहिला पाहिजे म्हणे. आलेखाच्या कागदावर त्यांनी सगळं काढलं होतं. मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा पेटवलं त्या दिवशी पिंपाचा बाहेरचा रंग जळायला लागला. असा उग्र दर्प, की अंबा नाकाला पदर लावून धावत आली, काय पेटलं म्हणून. अप्पा त्या काळ्या धुरात मधोमध उभे. मी ओरडले तर शांतपणे म्हणाले, "वास? वास कसला गे?" मला वाटलं, थट्टा करताहेत.

मग एकेक ध्यानात यायला लागलं. समोर दूध करपलं तरी ते पेपर वाचत बसले. मी गजरा माळून बसले तर वेणी आज आणली नाहीस का, म्हणाले. आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर शेगडीचं बटण उघडं, घरभर गॅस, आणि अप्पांच्या हातात लायटर. मी त्यांचं मनगट धरलं. ते रागावले, नित्या. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पहिल्यांदा त्यांनी माझा हात झटकला.

तुला ठाऊक आहे ते कसे होते. तारेला हात लावण्याआधी दोनदा तपासायचे आणि हाताखालच्या माणसांनाही तपासायला लावायचे. तू सायकल शिकलीस तेव्हा ब्रेक तपासल्याशिवाय तुला फाटकाबाहेर सोडत नसत, तू रडायचीस. त्याच माणसानं महिन्यापूर्वी ओरत्तनाडूच्या व्यंकोजी भाऊजींना जेवायला बोलावलं. मटण दिवसभर पेटीत होतं, निखारे मध्येच विझले होते, आणि अप्पांनी ते परत पेटवले. फोड नाकाशी धरून म्हणाले, फर्स्ट क्लास. मला तर ताटाजवळ उभं राहवेना. मी भाऊजींना खुणावलं, पण थोरल्या भावाच्या हातचं कसं नाकारायचं, म्हणून त्यांनी खाल्लं. तीन दिवस सलाईनवर होते. तुला मी तापाची साथ म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. पण मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. भाऊजींची बातमी ऐकून अप्पांचा चेहरा हललासुद्धा नाही. म्हणाले, पुढच्या खेपेला मीठ वाढवू.

तिरुच्चीच्या डॉक्टरांकडे नेलं, सर्दीचं निमित्त सांगून. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नाकात काही दोष दिसत नाही, मेंदूच्या तपासण्या करायला हव्यात. स्वभाव बदललाय का, हेही त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि मला तिथेच रडू फुटलं. पुढची तारीख कार्तिकातली मिळालीय. आपण तिकडे फिरकणार नाही, असं अप्पांनी बजावलंय.

दहा-अकरा दिवसांपूर्वी पाऊस लागला होता. मी अंबाकडे तीन तास बसले आणि परत आले तर अंगणात पेटी नाही. तुझ्यासाठी आम्ही मागची खोली रंगवली ना, तिचं दार बंद. ढकललं तर आत धूर फारसा नव्हता, नुसती कोंदट ऊब. खिडक्या लावलेल्या, फटींत जुनी लुगडी कोंबलेली. मधोमध पेटी, आणि अप्पा खुर्चीत, मान छातीवर, काट्याच्या नोंदींची वही पायाशी पडलेली. मी खिडक्या उघडल्या, त्यांच्या काखांत हात घालून व्हरांड्यापर्यंत ओढलं. तिथे ते ओकले. बंद खोलीत कोळशाचा वायू चढला होता. पाऊण तासानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय, तर मी खिडक्या उघडून सगळं बिघडवलं. "बाहेर वारा काटा हलवतो. त्या खोलीत दोन तास एक डिग्री हलला नाही." मी मेलेच असते त्या दिवशी, आणि ते काट्याचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. संध्याकाळी ते ती परत घेऊन आले. मी खोलीला कुलूप लावलं, ते त्यांनी काढलं. कोळसा लपवला, नवं पोतं आणलं. व्यंकोजी भाऊजींना सांगून पाहिलं, त्यांनाही ते ऐकेनात.

आता जे लिहिते ते बसून वाच, आणि प्रणवेशरावांनाही वाचून दाखव. परवा अप्पांनी ग्रिलचे पाय करवतीनं कापले. पिंपही कापून वीतभर ठेवलंय. मला वाटलं, मोडताहेत, सुटले एकदाची. मग त्यांनी मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि तुझ्या बाजेखाली ती पेटी सरकवून दाखवली. अगदी नेमकी बसली. किती आनंदात होते म्हणून सांगू! म्हणाले, "बाळंतिणीला शेक, बाळाला धुरी, दोन्ही होईल. खिडक्या लावून घेतल्या की रात्रभर पाहायला नको." बाजेची उंची त्यांनी तू पुढच्या महिन्यात येणार असं कळवलंस त्याच दिवशी मोजली होती, वहीत तारीख आहे. नित्या, पहिल्या बाळंतपणाला लेकीनं माहेरी यावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली, आणि मीच सांगतेय, येऊ नकोस. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय असं सांग. ते रागावतील, तुला नाही नाही ते बोलतील, ऐकून घे आणि फोन ठेव. प्रणवेशरावांच्या आईंना माझ्या वतीनं विनंती कर, त्या तुझं सगळं मायेनं करतील. मला यायला जमणार नाही, ह्यांना घरी एकटं सोडता येत नाही. रोज सकाळी ते विचारतात, नित्याची गाडी किती वाजता येते? मी म्हणते, कळवेल ती. आता तू कळव, येत नाही म्हणून.

तुला एकदा डोळे भरून बघायला आसुसलेली,
तुझीच
आई