चोराचं नाव

३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, आता औषध फक्त दुखू नये म्हणून. दोक-सूने मान डोलावली, जणू जवळ्याचा भाव ऐकतोय. गांगग्योंगच्या बाजारात जन्मभर खारवलेला जवळा विकला — चेहरा वाचू द्यायचा नाही ही सवय. मी व्हरांड्यात जाऊन रडले. आत आले तर हा माझा नवरा विचारतो, "यंदा किमची घालायची राहिली ना?"

मला एकच भीती आहे. हा बाप्तिस्मा न घेता गेला तर? मी एकीकडे, हा दुसरीकडे! लग्नाला चर्चमध्ये उभा राहिला, पण डोक्यावर पाणी घेतलं नाही. दर रविवारी मला दारापर्यंत सोडायचा आणि समोरच्या नूडलच्या दुकानात जाऊन बसायचा.

५ नोव्हेंबर

चर्चमधल्या लुचियाताई आल्या. त्यांच्या पर्समध्ये कायम पाण्याची चपटी बाटली. मरणाच्या दारातल्या माणसाला फादरांची वाट न बघता आपल्यापैकी कुणीही पाणी घालावं — 'देसे' म्हणतो आम्ही — आणि यात ताईंचा हात धरणारं कुणी नाही. त्या दिसल्या की वॉर्डातले लोक पडदे ओढून घेतात.

"शुद्धीत असला तर विचारावं लागतं, अगाथा," त्या म्हणाल्या. "झोपेत असला तर... देव घेईल समजून."

दोक-सू झोपला होता. मी काही बोलले नाही. म्हणजे हो म्हणाले.

पहिला थेंब पडला आणि याने डोळे उघडले. "छत गळतंय का?" ताई बाटली लपवायला गेल्या आणि सगळं पाणी चादरीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गेल्यावर म्हणाला, "चोरून नेणार होतीस मला?" हसत म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

८ नोव्हेंबर

दुखणं वाढलं. उशी चावतो. मी माळ घेऊन बसते, ओठ हलतात. पलीकडे कुणी ऐकतंय असं आज वाटलं नाही. इथे लिहितेय, दुसऱ्या कुणाला सांगू?

९ नोव्हेंबर

आजही नाही.

१२ नोव्हेंबर

पेज भरवत होते. कसेबसे दोन चमचे गेले. मध्येच म्हणाला, "तुमच्या त्या स्वर्गात दुकान टाकता येतं का गं? मला रिकामं बसवत नाही."

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही. भीती वाटते."

असं तो कधी बोलला नव्हता. मग — "तू तिथे नक्की येणार ना?"

"येणार," सवयीने तोंडातून निघालं.

"मग सांग तुझ्या ताईला. बाटली भरून आण म्हणावं."

हेच तर मागत होते इतकी वर्षं! आनंद व्हायला हवा होता. वाटी विसळायला गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. आत काही हललंच नाही.

१४ नोव्हेंबर

बाप्तिस्म्याला संताचं नाव हवं. ताईंनी पेत्र, योसेफ, अशी बरीच सुचवली. हा म्हणतो, "उशिरा पोचलेला कुणी नाही का?"

"येशूशेजारच्या क्रुसावरचा चोर आहे. दिस्मास. अगदी शेवटच्या घटकेला स्वर्ग मिळाला त्याला," मी म्हणाले.

"मग तोच. आमच्या धंद्यातला निघाला."

ताईंनाही हसू आवरेना. हा वजनात थोडं मारायचा, हे सगळ्या बाजाराला ठाऊक.

पाणी मीच घालावं म्हणाल्या. मी घातलं. शब्द चुकले नाहीत. पाणी कपाळावरून कानात उतरलं तसे त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, न्हाणाऱ्या पोरासारखे. ताई रडत होत्या. मी नाही.

आत काही हलत नाही, हे फादरांना सांगावं का? सांगून काय! ते म्हणतील, प्रार्थना कर.

१६ नोव्हेंबर

त्याची भीती गेली. खरंच गेली. उशी अजून चावतो, पण कळ ओसरली की शांत पडून राहतो. नर्सला म्हणाला, "तिकडे जागा बघून ठेवलीय मी." मला हेवा वाटला. माझ्याच देवापाशी माझा नवरा टेकला, आणि मी बाहेर उभी.

१७ नोव्हेंबर

सकाळी गेला. खाली इस्पितळाच्याच अंत्यविधीच्या दालनात चर्चची माणसं मृतांची प्रार्थना गाताहेत. मीही गायले.

शेवटपर्यंत शुद्धीत होता. माझा हात धरून म्हणाला, "मी पुढे जाऊन बसतो. तू सावकाश ये."

"येते," म्हणाले. या वेळी सवयीने नाही. जाणूनबुजून खोटं बोलले.

तो निर्धास्त गेला.