बेचाळीस ज्येष्ठ सदस्यांची संस्था

प्रिय ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (हॉस्टेलच्या जिन्यात गुडघा आपटल्यामुळे सध्या सात अंगांवरच भागवून घे). तुझी तब्येत ठणठणीत असेल, आणि तू सांभाळतेस त्या बेचाळीस म्हाताऱ्या गाढवांचीही असेल, असं धरून चालतो. मी सुट्टीला घरी आलोय. आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, पण त्यांच्यापायी मला एक कोडं पडलंय आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

आधी कॉलेजचं सांगतो, शेवटी तूही तिथलीच. कॉलेज वीतभर होतं ते वीतभरच आहे. तीनशे मुलं, एक घंटा, आणि इतिहासाचे सर अजूनही वेळ उरला की खगोलशास्त्र शिकवतात. मी यंदा तत्त्वज्ञान, मातीकाम आणि कीटकशास्त्र असे तीन विषय घेतलेत. ('यातून तू होणार तरी कोण?' असं शेजारच्या काकू विचारतात. मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, तेच शिकतोय.) आठवड्याला चार तास कॉलेजचं काम करायचा नियम अजून आहे. तू भोजनगृहात भांडी घासलीस, माझ्या वाट्याला माजी विद्यार्थी कक्ष आलाय. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, वाकूनच आत शिरायचं. बाहेरच्या भिंतीवर 'आमचे गुणवंत' म्हणून अकरा फोटो आहेत, त्यातले तीन एकाच न्यायाधीशांचे (तरुणपणी, मधल्या काळात आणि टक्कल पडल्यावर). गुणवंतांचा असा दुष्काळ असताना प्राचार्यबाईंनी यंदाच्या मेळाव्याची प्रमुख पाहुणी ठरवली आणि कक्षाचा माणूस म्हणून परिचय लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. फाईल उघडतो तर काय, पाहुणी तू!

माजी विद्यार्थ्यांना कॉलेज दरवर्षी एक फॉर्म पाठवतं, तुझा अजून आपल्या घरच्या पत्त्यावर येतो. गेली दोन वर्षं तो अगदी वेळेवर भरून परत गेलाय. त्यात लिहिलंय ते जसंच्या तसं देतो. संस्थेचं स्वरूप: निवासी. आपल्या जबाबदारीखाली किती जण: बेचाळीस, बहुतेक ज्येष्ठ. त्यांचा पूर्वानुभव: वाहतूक आणि बांधकाम. आपलं पद: पहिल्या दिवसापासून सर्वोच्च. कामातली मुख्य अडचण: कुणी ऐकत नाही. आता यात खोटं म्हणशील तर एक अक्षर नाही. गाढव हा शब्द तेवढा कुठे नाही, कारण फॉर्ममध्ये तसं कुणी विचारलेलंच नाही! प्राचार्यबाईंचा समज असा झाला की तू निवृत्त अभियंत्यांची काहीतरी मोठी संस्था चालवतेस, आणि त्यांनी तुझ्या भाषणाचा विषयही ठरवून टाकला, 'अनुभवी माणसांचं नेतृत्व'.

अक्षर मी लगेच ओळखलं. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाचं अक्षर दुसऱ्या कुणाचं वाटेल का? मला आधी हसू आलं, आणि मग मी फॉर्म पुन्हा पहिल्यापासून वाचला. तू बँकेतली नोकरी सोडलीस त्या दिवशी 'एवढं शिकवलं ते गाढवं राखायला का?' म्हणाले होते ते हेच बाबा ना? दोन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलला नाहीत. तुझं नाव निघालं की बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात (एकदा कालचं धरलं होतं). आणि हाच माणूस फॉर्मच्या 'शेरा' या चौकटीत बारीक अक्षरात लिहितो, 'एका सदस्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही. मुलगी नेहमी त्याच्या उजव्या बाजूने चालते.'

हे बाबांना कळलं कसं? मी सांगितलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं. तू सांगणं शक्य नाही. आईला विचारलं तर म्हणाली, मला काय ठाऊक, ते दर रविवारी वाचनालयात जातात. वाचनालय रविवारी बंद असतं. मग कीटकशास्त्रात शिकलो तसा मी खाली बसून त्यांचे बूट तपासले. तळव्यात वाळलेलं गवत आणि चिखल. वाचनालयाकडचा रस्ता तर पूर्ण डांबरी आहे. शेवटी न राहवून समोरच विचारलं. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, "कुंपणाबाहेरून जेवढं दिसतं तेवढंच लिहिलंय. फॉर्म कोरा पाठवणं बरं दिसत नाही." मग आत जाऊन पडून राहिले. मी बूट होते तिथे नीट ठेवून दिले, ताई. पुढे विचारायचा धीरच झाला नाही.

प्राचार्यबाईंना मात्र मी सुट्टीला निघण्याआधीच खरं सांगून टाकलं, उगाच स्टेजवर फजिती नको. त्यांनी फॉर्म पुन्हा वाचून काढला. मग म्हणाल्या, "बेचाळीसच्या बेचाळीस टिकून आहेत? आमच्याकडे गणिताचे सर एक वर्ष टिकत नाहीत." आमंत्रण कायम आहे. विषयही कायम आहे.

आईने तुला आशीर्वाद आणि लोकरीचे मोजे पाठवलेत. कळावे, लोभ आहेच तो वाढवायला तूर्त जागा नाही.

तुझा,
त्रेचाळिसावा (लहानपणापासून मला 'गाढव' हीच पदवी देत आलीयस, म्हणून नोंद करून घे)

ता. क. तू येणार असल्याचं मी कळवून बसलोय. रागावू नकोस.

ता. क. दुसरा. खरं मागणं हे. परिचय मी लिहीत नाहीये. लिहिणाऱ्याने तो आधीच लिहून ठेवलाय, वाचायलाही तेच स्टेजवर उभे राहावेत असं मला फार वाटतं. पण आधी तू हो म्हणायला हवंस. तू बोललीस तर ते बोलतील, आणि ते बोलले तर तू बोलशील, या 'आधी तू, आधी तू'मध्ये माझी अख्खी पदवी संपून जाईल.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायला बाबांकडेच देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. ते दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातले नाहीत, पण तपासल्याशिवाय घरातला कागद बाहेर जाऊ देणाऱ्यातलेही नाहीत.

*(खाली लाल शाईत, वेगळ्या अक्षरात)*

पत्र वाचलेलं नाही. तपासलं आहे. चार चुका दुरुस्त केल्या. तुझ्या मागच्या फाटकाचं खालचं बिजागर निखळलं आहे, तूर्त दोरीने बांधून घे. रविवारी हत्यारं घेऊन येतो. बिजागर आतल्या बाजूने बसवावं लागेल, तेव्हा आत यावं लागेल. चालेल का ते कळव.

— बाबा