मधोमध चार बोटांची फट

६ नोव्हेंबर १९९४, रविवार

नाही म्हणाले. पुन्हा! या वर्षातली तिसरी वेळ.

मी एवढंच विचारलं होतं – "बाबा, रविवारी दुकानात येऊन तुमच्याकडे काम शिकू?" बाबा खाली बसून, सागाची पट्टी दोन्ही पायांत धरून रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "सुताराचं काम बसून व्हतं. पायात लाकूड धरायला लागतं. बाईमानसानं असं बसायचं, रस्त्याच्या तोंडावर? नाय."

रागाने घरी आले. भात उपसताना एकदम डोक्यात आलं – म्हणजे अडचण मी नाहीच. अडचण बसण्याची आहे! पनवेलच्या विनायक मिस्त्रींची लेक तळोज्याच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून ड्रॉइंगं काढते, आणि उभ्याने काम करायचं टेबल तिला सुचू नये?

८ नोव्हेंबर

डबा बाजूला. चित्र चालू. कागद कंपनीचा, पेन्सिल कंपनीची – देव बघून घेईल.

पाय न लावता लाकूड घट्ट राहायचं तर ते शिकंज्यात आवळायला हवं. शिकंजा अडकवायला जागा हवी, म्हणून टेबलाच्या फळीला सहा-सहा इंचांवर भोकं. पण कापायचं कसं? करवत खालच्या फळीतच घुसेल. दुपारभर अडले होते. साडेचारला सुचलं – एक फळी नकोच, दोन! मधोमध चार बोटांची फट. करवत फटीतून खाली जाईल, शिकंजा फटीतून वर येईल. एका फटीत दोन्ही कामं.

मी फार हुशार आहे. इथे लिहून ठेवते, बाहेर कुणी म्हणायचं नाही.

९ नोव्हेंबर

टेबलाची उंची साडेतेहतीस इंच. माझ्या मनगटापर्यंत मोजली. कुणाला सांगायचं नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

बाबांना सांगितलं, तुमच्या गुडघ्यांसाठी काढलंय. अगदीच खोटं नाही, गुडघे दुखतातच त्यांचे.

कागद उलटासुलटा करून म्हणाले, "ही काय चाळण हाय? पीठ चाळायचं का हिच्यातून?" आईला इतकं हसू आलं की बशीतला चहा पदरावर. ती आठवडाभर मला 'इंजिनेर बाय' म्हणतेय, त्यात ही भर. हसा, हसा.

पण बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. परत दिला नाही!

१९ नोव्हेंबर

बाबा टेबल बनवतायत!! आणि एक गोष्ट त्यांनी आपल्या डोक्याने घातली – दोन्ही फळ्यांवर हलक्या प्लायचा एकेक तुकडा. "करवतीनं खाल्ला का काढून टाकायचा, दुसरा ठोकायचा. सागाची फळी कशाला खराब करायची?" मला का नाही सुचलं? जळफळाट झाला. तरी सगळी वाट गाणं म्हणत घरी आले.

२७ नोव्हेंबर, रविवार

टेबल उभं राहिलं! बाबांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मी ओढणी कमरेला बांधून तयार.

आणि बाबा टेबलावर चढून बसले. हो, वर! पट्टी पायात धरली आणि रंधा चालू. शिकंजे बाजूला लोळतायत, ती माझी लाडकी फट त्यांच्या बुडाखाली. समोर करंजा बंदरावरची मासळी घेऊन बसणारी ठमाबाई म्हणाली, "मिस्त्री, सत्यनारायनाला बसलाव काय?" मी हसता हसता खाली भुशात बसले.

"बाबा, उतरा ना."

"पायच पुढं जातात गो. चाळीस वर्सांची सवय हाय."

घरी आल्यावर मात्र रडू आलं. ते वर बसले आणि मी होते तिथेच राहिले, दुकानाच्या बाहेर.

३० नोव्हेंबर

कामावरून परस्पर दुकानात गेले. बाबा टेबलावरच. सांगून टाकलं – "हे तुमच्यासाठी नव्हतं. मी माझ्यासाठी काढलं."

"ठावं हाय. उंची तुजी हाय. मला काय माप कळत नाय?"

"मग आता उभ्याने तरी का शिकू देत नाही?"

बाबा उतरले. हत्यारं पेटीत भरली, कुलूप लावलं. आणि माझ्या पुढे पुढे घराकडे चालत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

४ डिसेंबर, रविवार

सकाळी बाबा आईला घेऊन दुकानात गेले. मला म्हणाले, "तू पन चल."

पट्टी फटीत उभी बसवली, शिकंजे आवळले आणि रंधा आईच्या हातात दिला. मला वाटलं, चेष्टा चाललीय. आईने पदर खोचला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रंधा ओढत नेला. एकच अखंड, पातळ छिलका निघाला.

बाबा माझ्याकडे बघेनात. "लगीन झाल्यावर दोन वर्सं आमी कोन गावात दोघं मिळून काम केलं. हिचा हात माज्यापेक्षा साफ. लोक हसायला लागले, तवा मीच हिला कामावरनं उठवली."

आईने पट्टी फिरवली, शिकंजा पुन्हा आवळला. मग म्हणाली, "नीता, तू दुपारून ये. सकाळी मी हाय."