जिन्यातली चौतीस जाळी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
हाताने रोजनिशी लिहिणाऱ्यांची स्मरणशक्ती तल्लख राहते, असं एका नव्या अभ्यासात आढळलं आहे. मीच छापलंय, गेल्या अंकात, पान चार. म्हणून आजपासून रोजनिशी सुरू. खरं तर एक जानेवारीलाच सुरू करायची होती, पण वही कुठे ठेवली ते आठवेना.

मासिकातलं 'ताजे निष्कर्ष' हे सदर मी गेली अकरा वर्षं चालवतोय. महिन्याला वीस निष्कर्ष, प्रत्येकी चाळीस शब्द. मुंग्यांपासून मतदारांपर्यंत कुठलाही विषय मला वर्ज्य नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. शोधनिबंधाच्या सारांशातलं शेवटचं वाक्य वाचायचं, की झालं. शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून एक भाग असतो, तो मी कधीच वाचत नाही. कुणाच्या मर्यादांवर बोट ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

इच्छा एकच. आयुष्यात एकदा तरी माझं नाव एखाद्या शोधनिबंधात छापून यावं. आभारात आलं तरी चालेल.

संकल्प: या वर्षी प्रत्येक निष्कर्ष आधी स्वतःच्या घरात अमलात आणायचा.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आजचा निष्कर्ष: जोडीदाराचं नीट ऐकणारे लोक जास्त सुखी असतात. पद्धत अशी की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मधे बोलायचं नाही, मान सावकाश हलवायची. मिनिटाला दोनदा. जास्त हलवली तर घाई दिसते.

चहाच्या वेळी प्रयोग केला. बायको कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट आहे, त्यामुळे बोलायला तिच्याकडे पुष्कळ असतं. मी घड्याळ लावलं होतं. आठ मिनिटं, सोळा वेळा मान. एकदाही चूक नाही. कोळी, जिना, दिवे, एकवीस मार्च, कॉलेजात मांडायचंय, असं काहीसं बोलली. शेवटी विचारलं, कळलं ना? मी सतरावी मान हलवली.

खूश दिसली. पद्धत लागू पडते.

९ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात मीटिंग. संपादकांनी एप्रिलच्या विशेषांकाची घोषणा केली. कव्हर स्टोरी: आपल्या गावातला शोध. प्रोफेसरचा नको, साध्या माणसाचा हवा, आणि आधी कुणी छापलेला नको. मुदत वीस मार्च. जबाबदारी माझ्यावर. शोध मिळाला नाही तर 'ताजे निष्कर्ष'चा फेरविचार करावा लागेल, असंही म्हणाले. नजर खिडकीबाहेर होती, म्हणजे मनापासून म्हणत नव्हते.

काळजी नाही. अकरा वर्षांत माझं नाक तयार झालंय. शोध कुठे लपलाय ते मला वासावरून कळतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मोठी बातमी. माझं सदर घरात वाचलं जातंय. 'जिने चढा, हृदय जपा' हे मी जानेवारीत छापलं होतं. बायको रोज संध्याकाळी सातला टॉर्च आणि वही घेऊन जिना चढते-उतरते. चार मजले. पायऱ्यांचा हिशेब ठेवत असणार. कन्याही सोबत जाते. कन्या सतरा वर्षांची आहे आणि एरवी माझं काहीही ऐकत नाही.

मी काही बोललो नाही. कौतुक केलं की माणूस सैल पडतो, असा एक निष्कर्ष आहे. बहुतेक आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
स्वतःच्या भेगा स्वतः बुजवणारं काँक्रीट आलंय. विज्ञान कुठल्या कुठे गेलं, आणि आमच्याकडे बायको बाथरूमच्या ओल्या भिंतीसाठी प्लंबर बोलाव म्हणून मागे लागलीय. भिंतीला थोडा वेळ द्यायला हवा.

(आमची भिंत त्या काँक्रीटची नाही, असं कन्या म्हणाली. बारीकसारीक तपशिलांत अडकणाऱ्या पिढीचं कसं होणार.)

२० फेब्रुवारी, शुक्रवार
शोधाचा शोध चालू. बूट शिवणाऱ्याकडे गेलो, त्याने नवी टाच काढलीय असं ऐकलं होतं. टाच जुनीच होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने दीड तास बसवून घेतलं आणि स्वतःच्या मुतखड्याची हकीकत सांगितली.

आज लिहिलेला निष्कर्ष: दहातले नऊ लोक स्वतःला सरासरीपेक्षा हुशार समजतात. खूप हसलो. दहावा असण्याचं सुख वेगळंच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
आमच्या जिन्याची अवस्था बघवत नाही. मजल्यामजल्यावर कोपऱ्यांत जाळी. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर पिवळे दिवे, दुसऱ्या-चौथ्यावर पांढरे. कुणी मनाला येईल तसे बदललेत. प्रत्येक जाळ्याखाली भिंतीवर खडूने आकडे. वायरमनची कामं.

इमारतीच्या सेक्रेटरीला खडसावलं. तो म्हणाला, झाडूवाल्याला जिना झाडायचा नाही असं तुमच्याच घरून सांगितलंय. बघा. स्वतःचा आळस लोकांच्या गळ्यात मारायचा. मी तिथेच उभा राहून त्याच्याकडे बघत हसलो.

१ मार्च, रविवार. सकाळी ७.४०
स्वच्छ परिसरात राहणाऱ्यांची कामातली एकाग्रता वाढते. निष्कर्ष ताजा आहे, कालच आला. बायको आणि कन्या बाजारात गेल्यात. लांब काठीचा झाडू मिळाला. त्यांना सरप्राइज देणार.

११.१५
चारही मजले लख्ख. एकही जाळं शिल्लक नाही. आकडेसुद्धा ओल्या फडक्याने पुसले. मानेला रग लागलीय पण एकाग्रता आत्ताच वाढल्यासारखी वाटते.

संध्याकाळ
लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी त्या दोघी पिशव्या घेऊन आल्या. मी दुसऱ्या मजल्यावर झाडू हातात घेऊन उभा होतो, फोटोत उभं राहतात तसा. कन्या जागच्या जागी थांबली. म्हणाली, बाबा, तू काय केलंस. बायकोने भिंतीकडे पाहिलं, मग वरच्या कोपऱ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसली.

मग सांगितलं. एक जानेवारीपासून ती जिन्यातली जाळी मोजत होती. चौतीस जाळी. कुठल्या दिव्याखाली कोळी टिकतात, दिवा बदलला की जागा सोडतात का, हे तिला बघायचं होतं. दिवे तिनेच बदलले होते, सेक्रेटरीची परवानगी काढून. आकडे तिचे. एकवीस मार्चला कॉलेजच्या परिषदेत मांडायचं होतं. प्रयोगशाळेत अठरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या काचा धुतल्या, हा पहिला तिचा स्वतःचा.

"साठ दिवस झाले. रोज तुला सांगत होते," ती म्हणाली.

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

२ मार्च, सोमवार
भरपाई करायची. नुसतं सॉरी म्हणून भागत नाही. कृतीतून माफी मागितली तर ती जास्त स्वीकारली जाते, असा निष्कर्ष आहे. माझ्याकडे एक योजना आहे. बायकोला आधी सांगणार नाही.

४ मार्च, बुधवार
ऑफिसच्या जुन्या अंकांच्या खोलीत कोळी अमाप. जेवणाच्या सुट्टीत अकरा पकडले. डबा रिकामा होता, झाकणाला भोकं पाडली. शिपाई दारात उभा राहून बघत होता. मी म्हणालो, संशोधन. त्याने हळूच दार लावून घेतलं.

संध्याकाळी सगळे पहिल्या मजल्यावर सोडले. नवे, ताजे, तरतरीत कोळी. घरी येऊन बायकोला सांगितलं.

तिने डोळे मिटले. मग विचारलं, कुठल्या मजल्यावर. मी म्हणालो, पहिल्या. ती म्हणाली, बाकीच्या मजल्यांवर नाही ना सोडलेस? नाही. मग वही उघडून तिने एका पानावर वरून खालपर्यंत रेघ मारली. पहिला मजला बाद, एवढंच म्हणाली. तिचे कोळी कुठले आणि माझे कुठले, हे आता कोळ्यांनाही सांगता येणार नाही.

जेवणात मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

९ मार्च, सोमवार
कोळी परत येतायत! म्हणजे जुनेच, उरलेल्या तीन मजल्यांवरचे. झाडूतून बरेचसे सुटले असणार, हात माझा पहिल्यापासून हलका. बायको पुन्हा मोजायला लागलीय. जानेवारीतच तिने प्रत्येक जाळ्याचा फोटो काढून ठेवला होता, त्यामुळे जुन्या जागा तिला सापडतात. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आलंय. कन्येने दोन नियम घालून दिले: बोलायचं नाही, हात लावायचा नाही.

आज बायको दुसऱ्या मजल्यावर एकदम थांबली आणि पुटपुटली, अगदी त्याच कोपऱ्यात. तिचा चेहरा बघून मलाही आनंद झाला. कशाचा ते कळलं नाही, पण झाला.

१४ मार्च, शनिवार
मुदत डोक्यावर आली. कव्हर स्टोरीचा पत्ता नाही. दिवसभर डोक्यात तेच.

संध्याकाळी बायको निबंधाचा मसुदा घेऊन समोर बसली. काही वाक्यांबद्दल विचारायचं होतं म्हणे, माझा त्यात उल्लेख आहे. उल्लेख! मी हुरळून गेलो, पण दाखवलं नाही. त्याच वेळी घड्याळवाल्याचा मुतखडा कव्हरवर कितपत चालेल याचा विचार चालू होता. बायको बोलत होती. मी डोळ्यांत बघत होतो, मान सावकाश, दोनदा. ठीक आहे म्हणून तिने पेनाने काहीतरी खोडलं.

ऐकण्याची सवय आता अंगात मुरलीय.

१८ मार्च, बुधवार
कन्या म्हणाली, बाबा, आईचंच छाप ना. साधा माणूस, गावातला शोध, कुणी न छापलेला. हसू आलं. मुलांना व्यवहार कळत नाही. घरच्या माणसाचं छापलं तर वशिला दिसतो. शिवाय कोळी कव्हरवर आला तर अंकाला कोण हात लावेल. अकरा वर्षांचा अनुभव बोलतोय.

२० मार्च, शुक्रवार
संपादकांना मुतखडा दिला. त्यांनी तो दोन बोटांनी परत केला.

२१ मार्च, शनिवार
परिषद. कॉलेजचा छोटा हॉल, साठेक माणसं. मी मागच्या रांगेत बसलो, पुढच्या रांगेत आमचे संपादक. त्यांना इथे कोणी बोलावलं? (कन्येने. फोन करून. नंतर कळलं.)

बायको उभी राहिली तेव्हा मीच दोनदा पाणी प्यायलो. ती मात्र शांत. पडद्यावर जिना आला. आमचा जिना! मग दिवे, मग आकडे. पिवळ्या दिव्याखालचे कोळी टिकले, पांढऱ्याखालचे कमी. इथपर्यंत ठीक. मग पुढचं पान आलं.

अडथळा क्रमांक एक, साठावा दिवस: घरातील एका प्रौढ पुरुषाने सर्व जाळी झाडूने काढली.
अडथळा क्रमांक दोन, त्रेसष्टावा दिवस: त्याच पुरुषाने बाहेरचे अकरा कोळी पहिल्या मजल्यावर सोडले. सबब पहिला मजला वगळला.

हॉल हसला. मीही हसलो, सगळ्यांकडे बघत, तो पुरुष कोण असेल या चेहऱ्याने. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकावर थोड्या लांब सरकून बसल्या.

पण खरी गोष्ट पुढे होती. पहिला मजला सोडला तर जाळी उरली सव्वीस. झाडूनंतर दहा दिवसांत त्यातली तेवीस जशीच्या तशी जुन्याच कोपऱ्यांत पुन्हा विणली गेली. म्हणजे दिवा तोच असेल तर उद्ध्वस्त झालेला कोळीही तिथेच परत येतो, निदान आमच्या जिन्यात तरी. एक पांढऱ्या केसांचे परीक्षक उठले. म्हणाले, हा भाग सर्वांत भक्कम आहे, एवढी संपूर्ण सफाई करायची कल्पना कशी सुचली?

बायको म्हणाली, "ठरवून कुणाला जमलं नसतं, सर."

मग तिने 'अभ्यासाच्या मर्यादा' वाचून दाखवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तो भाग पूर्ण ऐकला. एकूण चार मर्यादा होत्या, त्यांतल्या दोन मी होतो.

टाळ्या खूप वाजल्या. मी सर्वांत शेवटी थांबलो.

२२ मार्च, रविवार
संपादकांचा फोन आला. बायकोसाठी. आजपासून आणखी दोन दिवसांची मुदत दिली, कव्हरवर कोळी. लेख ती स्वतः लिहिणार. 'ताजे निष्कर्ष'ही काही महिने तिने पाहावं असं सुचवलं म्हणे, ती निबंध शेवटपर्यंत वाचते म्हणून. मला शब्दकोडं. शब्दकोडं सोडवणाऱ्यांचा मेंदू तरुण राहतो. बनवणाऱ्यांचं काय, ते तपासायला हवं.

बाथरूमची भिंत आता बाहेरूनही ओली झालीय. प्लंबर उद्या येतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. छापील निबंध सकाळी टेबलावर होता. मी तीनदा वाचला, पहिल्या शब्दापासून. आभारात कॉलेज आहे, सेक्रेटरी आहे, झाडूवाला आहे, कन्या आहे. मी कुठेच नाही. मी फक्त प्रौढ पुरुष. शेवटी धीर करून विचारलंच, निदान माझं नाव तरी घालायचं होतंस.

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी घातलं होतं. आभारात, पहिलंच. चौदा तारखेला तुला विचारलं, लोक हसतील, नाव काढून टाकू का?"

आठवलं. मी मान हलवली होती. सावकाश, दोनदा.