गेटच्या रजिस्टरातली सही

जरीपटका, नागपूर

आदरणीय बाबूलालमामा,

सविनय जय भीम. (राग आहे, पण जय भीम आधी.) तुमचा गुडघा कसा आहे? सिंधूमामींनी शुगर तपासली का? उमरेडला सगळे बरे असावेत, आणि हे पत्र तुम्ही बसून वाचावं, उभ्याने नको.

हिंगण्याच्या कंपनीत ऑफिस असिस्टंटच्या जागेसाठी मी गेले होते, हे तुम्हाला माहीतच आहे (आईने कोराडीपर्यंत सगळ्यांना सांगितलंय). लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, मी पहिली आले. मग नेमणुकांचं काम बघणाऱ्या चारुलता मॅडमनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "तुमचा सिबिल इतका खराब काहून?" म्हणजे घेतलेलं कर्ज मी वेळेवर फेडते की नाही, याचे मार्क. मामा, मी कर्ज सोडाच, शेजारून वाटीभर साखरही कधी आणलेली नाही! पण डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मला न विचारता हा अहवाल काढलाच कसा? माझी लेखी संमती कुठे आहे? तर मॅडमनी गेटवरचं रजिस्टर मागवलं. नाव, वेळ, गाडी नंबर, सही. "हे काय, केली ना सही!" माझ्या वर दूधवाल्याची सही होती आणि खाली झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्याची. (म्हणजे त्यांचेही सिबिल काढले असणार.)

मी उभी राहिले आणि बोललेच. काय काढणार, कशासाठी काढणार, हे वेगळ्या कागदावर लिहा, उमेदवाराला हो किंवा नाही म्हणू द्या, मग काढा. त्यावरून नाकारायचं असेल तर आधी तो अहवाल त्याच्या हातात द्या, त्याचं ऐकून घ्या. आणि मला फायली लावायच्या आहेत, तिजोरी सांभाळायची नाही, त्याला हा आकडा कशाला? पाणी देणारे काका दारातच थांबले. मॅडम म्हणाल्या, "वकील आहे का वं तू?" बी.ए., म्हटलं, आमच्या घरातली पहिली. तेव्हा त्यांनी प्रिंट काढून माझ्यापुढे आपटली.

मामा, त्यात मोपेडचं कर्ज आहे. चार हप्ते थकलेले. मला सायकलसुद्धा धड येत नाही.

बी.ए.च्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शोरूममध्ये नेलंत. "ग्रॅज्युएट पोरीच्या सहीनं कागदाले वजन येते वं, जामीनदार म्हणून फक्त," म्हणालात, आणि मी फुगले. सात ठिकाणी सह्या केल्या, खाली रेघ मारून, झोकात. एक ओळ वाचली नाही. मी! गल्लीतल्या प्रत्येकाला आधी वाचा, मग सही करा, असं सांगत फिरणारी! जामीनदार तुम्ही आहात, मामा. कर्जदार मी. भाषण अर्ध्यावर सोडता येईना, म्हणून पूर्ण केलं, जरा हळू आवाजात.

तुमचीच (नाइलाज आहे),
मयुरा

ता.क. हे सगळं कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं, आणि त्यांना माझं म्हणणं पटलं. पंधरा तारखेपर्यंत जागा राखून ठेवली आहे. त्याआधी चारही हप्ते भरा आणि पावती पाठवा. जमत नसेल तर मोपेड विका. मामींना मी काही बोललेले नाही. अजून.

आणखी एक ता.क. माझ्याबद्दल चौकशी करायला कंपनीला एका वडीलधाऱ्या माणसाचं नाव हवं आहे. तुमचं द्यायचं मनात आहे, पण विचारल्याशिवाय देणार नाही. सोबत कागद जोडलाय. चष्मा लावून पूर्ण वाचा, पटलं तरच सही करा. माझी तिन्ही वर्षांची फी तुम्ही भरलीत, हे त्यात लिहिलंय. राग त्यामुळेच जास्त आलाय.